रवी म्हणा, पाना म्हणा, गोठ्याच्या दारातलं भोक म्हणा

ताई, तुमचा प्रश्न वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. पेनसिल्व्हेनियात तुमच्या शेजारच्या आजी वारल्या. त्यांच्या घरातल्या सामानविक्रीत तुम्ही ४० डॉलरला एक जुनी क्विल्ट, म्हणजे तुकडे जोडून शिवलेली तिकडची गोधडी, घेतली. सोबत बुटाचं एक खोकं मिळालं, त्यात पुठ्ठ्याचे साचे, वर्तमानपत्रांची पिवळी पडलेली कात्रणं आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नसलेले सात-आठ शिवलेले चौकोन आहेत. या नमुन्याचं नाव काय, क्विल्ट किती जुनी, आणि असे नमुने शिकायचे तर सुरुवात कुठून करायची, हे तुम्हाला हवंय.

मी ओहायोत सत्तावीस वर्षं क्विल्ट शिवते आणि जुन्या दुरुस्त करते. त्याआधीची शिकवणी कराडला, आजीच्या वाकळीवर. तेव्हा उत्तरात दोन्हीकडचं येईल, चालवून घ्या.

नावाचं आधी उरकून टाकते. तुमच्या क्विल्टचा चौकोन नऊ घरांचा आहे. मधलं घर सपाट, कोपऱ्यांतली चार घरं तिरकी कापून गडद-फिक्या त्रिकोणांची, आणि बाजूंच्या चार घरांत अर्धी पट्टी गडद, अर्धी फिकी. याला बहुतेक जण 'चर्न डॅश' म्हणतात, म्हणजे लोणी घुसळायच्या उभ्या लाकडी भांड्यातली रवी. पण खात्रीने हेच नाव लिहून ठेवू नका. हाच चौकोन 'मंकी रेंच' म्हणून ओळखला जातो, म्हणजे पाना. 'होल इन द बार्न डोअर' म्हणजे गोठ्याच्या दारातलं भोक, तोही हाच. 'लव्ह नॉट', प्रेमाची गाठ, हाच. अमेरिकन यादवी युद्धात १८६४ मध्ये जनरल शर्मनने जॉर्जियातून सैन्य नेलं, त्यावरून 'शर्मन्स मार्च' हेही याचंच नाव. कुणी याला लिंकनच्या जाहीरनाम्याचंही नाव दिलंय. लोणी काढणारीला त्यात रवी दिसली, गोठ्यात राबणारीला दाराचं भोक दिसलं, आणि जिच्या घरात राजकारण बोललं जायचं तिला लिंकन.

उलटही होतं. एकच नाव पाच वेगळ्या आकृत्यांना चिकटलेलं सापडतं. आणि एका आकृतीला अनेक नावं, हे तर चर्न डॅशपुरतं नाही. 'जेकब्ज लॅडर', म्हणजे जेकबची शिडी, या चौकोनाला कुठे 'कॅलिफोर्नियाचा रस्ता' म्हणतात, कुठे 'बेंजामिनच्या पतंगाची शेपटी'. अस्वलाच्या पंजासारखा दिसणारा एक सुंदर चौकोन आहे, 'बेअर्स पॉ'. क्वेकर पंथाच्या बायका त्यालाच 'मैत्रीचा हात' म्हणायच्या आणि आणखी कुठे तोच 'चिखलातलं बदकाचं पाऊल' होता. मला हे तिसरं नाव सगळ्यात आवडतं.

हा गोंधळ वाढवला वर्तमानपत्रांनी. तुमच्या खोक्यातली कात्रणं नीट पाहा. सेंट लुइसच्या 'लेडीज आर्ट कंपनी'ने १८८९ च्या सुमारास टपालाने नमुने विकायला सुरुवात केली. 'कान्सस सिटी स्टार' या वर्तमानपत्राने १९२८ ते १९६१ या काळात हजारावर नमुने छापले, आणि त्यातले कितीतरी वाचक बायकांनीच पाठवलेले होते. शेतावरच्या बाईने आपल्या सासूकडून घेतलेला नमुना कागदावर काढून पाठवायचा, पेपरने त्याला नवं नाव देऊन छापायचं. तुमच्या एका कात्रणावर दहा सेंट पाठवा असं लिहून न्यूयॉर्कच्या 'ओल्ड चेल्सी स्टेशन'चा पत्ता दिसतोय. त्या पत्त्यावरून देशभरच्या पेपरांत लॉरा व्हीलर, अ‍ॅलिस ब्रूक्स अशा नावांनी नमुने विकले जायचे, १९३० च्या दशकापासून पुढे बरीच वर्षं. पेपरला रोज काहीतरी 'नवं' लागायचं, मग जुन्याच आकृतीला नवं बारसं.

म्हणून या कामातले जाणकार नावावर थांबत नाहीत, घरं मोजतात. बार्बरा ब्रॅकमन या अभ्यासक बाईंनी चार हजारांवर जोडकामाचे नमुने गोळा केले. त्यांची मांडणी त्यांनी नावानुसार केली नाही, चौकोन कसा दुभागलाय त्यावरून केली. तुम्हीही तसंच करा. चौकोन दोन-दोनच्या चार घरांत बसतो, की तीन-तीनच्या नऊ, की पाच-पाच, की सात-सात? तुमची रवी नऊ घरांची. अस्वलाचा पंजा सात-सातचा. एकदा घरं मोजायची सवय लागली की अनोळखी नमुनाही कागदावर उतरवता येतो. चौकटीच्या वहीवर बसा, रंगाच्या दोन पेन्सिली घ्या. आपल्याकडे ठिपक्यांची रांगोळी अशीच शिकवतात, आधी ठिपके मोज आणि मग रेघ ओढ. माझ्या इथल्या मैत्रिणींना मी सात ते सात ठिपक्यांची रांगोळी काढून दाखवली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की किती घरांची?

आता वय. इथेही नमुना फसवतो. चर्न डॅश एकोणिसाव्या शतकातही शिवला गेला आणि गेल्या आठवड्यात मीही शिवलाय. वय कापड सांगतं. तुमच्या फोटोत तो विशिष्ट फिका हिरवा आहे, पुदिन्याची गोळी चघळल्यासारखा. तो आणि फिक्या रंगावरची बारीक बारीक फुलं, हे १९३० च्या दशकाचं कापड. शिवाय दुसऱ्या फोटोत एका निळ्या तुकड्याच्या कडेला भोकांची सरळ रांग दिसते. ती कसर नव्हे. ते पोत्याचं कापड आहे.

त्या काळात पीठ, साखर, कोंबड्यांचं खाद्य सुती पोत्यांतून यायचं. बायका पोती उसवून कपडे शिवतात हे कंपन्यांच्या ध्यानात आलं, तेव्हा १९३० च्या दशकात त्यांनी फुलाफुलांची, चौकड्यांची पोती काढली, आणि कंपनीचं नाव धुतल्यावर जाईल अशा शाईने छापलं. पोत्याची शिवण साखळीटाक्याची असायची. बरोबर टोक सापडलं की एका ओढीत सगळी उसवायची, आणि तो दोराही गुंडाळून ठेवला जायचा. मोठ्या पोत्यातून वारभर किंवा थोडं जास्त कापड निघायचं. फ्रॉकला तीन पोती लागत, म्हणून नवरा खाद्य आणायला निघाला की त्याच्या हातात नमुन्याचा तुकडा द्यायचा, याच फुलांचं आण म्हणून. आमच्या चर्चमधल्या एका आजींचे वडील ढिगाच्या तळातलं पोतं मागायचे आणि दुकानदार वैतागायचा. भोकांची ती रांग म्हणजे उसवलेल्या शिवणीची खूण. क्विल्टमधला तो सगळ्यात मोलाचा तुकडा समजा.

पण थांबा. वरचं कापड १९३५ चं असलं म्हणून क्विल्ट १९३५ ची ठरत नाही. क्विल्टला तीन थर असतात, वरचं जोडकाम, मधला कापूस आणि खालचं अस्तर, आणि हे तिन्ही टाक्यांनी एकत्र बांधलेले असतात. कितीतरी बायकांनी जोडकाम करून ट्रंकेत टाकलं आणि ते सुनेने किंवा नातीने पन्नास वर्षांनी भरून शिवलं. अंधाऱ्या खोलीत नोटा तपासायचा जांभळा दिवा अस्तरावर आणि टाक्यांच्या दोऱ्यावर धरा. निळसर पांढरं लखलखलं तर त्यात चमक आणणारी रसायनं असण्याचा संभव मोठा, आणि ती दुसऱ्या महायुद्धानंतर आली. मात्र साबणाच्या पावडरीतही तीच असतात, तेव्हा नुसत्या दिव्यावर निकाल देऊ नका. भरण चिमटीत घेऊन पाहा. स्पंजासारखं उसळून वर आलं तर पॉलिस्टर. अस्तरातून काळे ठिपके दिसले की लोक 'सरकी आहे, म्हणजे दोनशे वर्षं जुनी' म्हणतात, ते खोटं. यंत्राने पिंजलेल्या स्वस्त कापसातही सरकीचे तुकडे राहायचे. नियम एकच: क्विल्टमधलं सगळ्यात नवं जे काही सापडेल, त्याच्या आधीची ती असू शकत नाही.

आता क्विल्ट पालथी करा. हे मी सगळ्यांना सांगते आणि कुणी करत नाही. पुढून जो नमुना दिसतो तो जोडकामाचा. टाक्यांचा नमुना वेगळाच असतो आणि तो अस्तरावर स्वच्छ वाचता येतो. तुमच्याकडे त्या पाठीवर अर्धवर्तुळांच्या लाटा आहेत, एकीत एक. याला बॅप्टिस्ट फॅन म्हणतात, म्हणजे बॅप्टिस्ट पंथाचा पंखा; मेथडिस्ट पंथाची मंडळी त्याला मेथडिस्ट फॅन म्हणतात, हसू नका. कोपर चौकटीवर टेकवायचं आणि हात फिरेल तेवढी कमान काढायची, म्हणून कोपराची शिलाईही म्हणतात. लाकडी चौकटीभोवती बायका बसायच्या, प्रत्येक जण आपापल्या बाजूने कमानी शिवत आत यायची. नीट पाहिलंत तर एका बाजूच्या कमानी दुसरीपेक्षा ठेंगण्या दिसतील. ठेंगण्या कमानीवाल्या बाईचा हात आखूड होता. वरचं जोडकाम एकटीचं असू शकतं, पण तुमची क्विल्ट निदान दोघींनी भरलीय एवढं मी फोटोवरून सांगते.

मी पहिल्यांदा चर्चच्या तळघरात त्यांच्या चौकटीला बसले तेव्हा आमच्या वाकळीचा धावदोरा घातला, तांदळाच्या दाण्याएवढा. त्यांचे टाके इंचाला आठ-दहा. सगळ्या गोड हसल्या, चहा झाला, मी घरी आले. पुढच्या मंगळवारी माझा सगळा पट्टा नव्याने शिवलेला होता. कुणी चकार शब्द बोललं नाही. जुन्या गोष्टींतून हा रिवाज ऐकला होता, स्वतःवर आला तेव्हा कळला. एक गोष्ट मात्र त्यांनीच सहा महिन्यांनी कबूल केली. आमची वाकळ बाहेरच्या काठाला समांतर, चौकोनात चौकोन शिवत आत येते, तिला आखणी लागत नाही, चौकटही लागत नाही, मांडीवर घेऊन होते. त्यांना हे माहीत नव्हतं.

अलाबामातल्या गीज बेंड या कृष्णवर्णीय वस्तीतल्या बायकांच्या क्विल्ट मी पाहिल्या तेव्हा पहिल्यांदा घरची आठवण आली. तिथे एक नमुना आहे, 'हाउसटॉप'. मध्ये एक तुकडा आणि त्याभोवती पट्ट्यांचे चौकोन, एकाबाहेर एक. पट्ट्या शेतात घालून विरलेल्या विजारींच्या, गुडघ्यावरचं ठिगळ निघालेल्या जागी गडद राहिलेल्या. रेघा सरळ नाहीत आणि सरळ करायचा प्रयत्नही नाही. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात त्या मांडल्या गेल्या, मग न्यूयॉर्कला, आणि २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. तोवर लोक जुनी क्विल्ट म्हणजे मोजूनमापून केलेली सुबक वस्तू समजायचे.

हाउसटॉपची चुलत बहीण म्हणजे 'लॉग केबिन', ओंडक्यांची झोपडी, १८६० च्या दशकापासून फार लोकप्रिय. मध्ये लहान चौकोन, बहुतेकदा लाल, त्याला चूल म्हणतात. भोवती पट्ट्या, दोन बाजू फिक्या, दोन बाजू गडद. शिकायचं तर मी तुम्हाला यापासून सुरू करायला सांगेन. साचा लागत नाही, फाडलेल्या पट्ट्या चालतात, आणि खरी गंमत शिवून झाल्यावर सुरू होते. असे छत्तीस चौकोन करा आणि जमिनीवर मांडा. शेजारच्या चौकोनांच्या गडद बाजू एकमेकींना भिडतील असे ते आलटून-पालटून वळवले की तिरक्या रेघा उमटतात, त्याला 'स्ट्रेट फरो' म्हणतात, नांगराचं सरळ तास. मधून बाहेर शंकरपाळ्यांसारखे फिरवले की 'बार्न रेझिंग', गावाने मिळून कोठार उभारण्याची चौकट. तेच छत्तीस चौकोन, एकही टाका न बदलता. मी एकदा दोन दिवस जमिनीवर सरपटत ते फिरवत होते, नवऱ्याने शेवटी स्वयंपाक केला. रंगांची नावं विसरा, गडद आणि फिकं एवढंच बघा. डोळे किलकिले करा, नाहीतर मोबाइलवर काळापांढरा फोटो काढा. लाल आणि हिरवा एकसारखे करडे दिसले तर तुमची आकृती हरवली.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते. तुमच्या क्विल्टमध्ये वरून तिसऱ्या ओळीत, डावीकडून दुसरा चौकोन पाहा. बाकी सगळ्यांत आकृती गडद आणि जमीन फिकी, या एकात उलट. तुम्हाला कुणीतरी सांगेल की बायका मुद्दाम एक चूक ठेवायच्या, कारण निर्दोष फक्त देव. ऐकायला फार छान, पण जुन्या काळच्या बायकांच्या स्वतःच्या लिखाणात या चालीला आधार मिळत नाही. चुका आपोआप होतात, मुद्दाम कशाला कराव्या लागतील! अशीच दुसरी गोष्ट, पळून जाणाऱ्या गुलामांना क्विल्टच्या नमुन्यांतून गुप्त खुणा दिल्या जायच्या ही. १९९९ मधल्या एका पुस्तकाने ती घरोघर पोचवली. इतिहासकारांना तिचा पुरावा सापडलेला नाही. तुमच्या क्विल्टला असली कथा जोडून कुणी किंमत वाढवू लागलं तर हात जोडा.

मग उलटा चौकोन का? त्याच्या बाजूच्या पिवळ्या पट्टीकडे पाहा. ती एक तुकडा नाही, तीन आहेत, नखाएवढ्या त्रिकोणालाही सांधा आहे. पिवळं संपलं होतं. आहे त्यात जमीन पुरी होईना, तेव्हा बाईने जमीन निळी करून आकृती पिवळी केली. जिथे नियम पाळणं परवडेना तिथे तिने नियमच पालथा घातला. आमची आजी लुगड्याला दांड लावायची तेव्हा हाच हिशोब करायची, विरलेला मधला भाग काढून चांगली टोकं जोडायची आणि काठाची रेघ मात्र जुळवून घ्यायची. जुन्या नमुन्यांची कल्पकता मला वर्तमानपत्रात छापलेल्या आकृतीत कधी फारशी दिसली नाही. ती अशा चौकोनात असते. तेवढी एक क्विल्ट घेऊन बसा आणि कुठे कुठे कापड संपलं ते शोधा, एक संध्याकाळ सहज जाईल.

नियम पाळून मोठं बक्षीस मिळवलेल्यांचीही एक गोष्ट सांगते. १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त सीअर्स कंपनीने क्विल्टची स्पर्धा ठेवली. पहिलं बक्षीस हजार डॉलर, तेही मंदीच्या ऐन दिवसांत. जवळजवळ पंचवीस हजार क्विल्ट आल्या. काही बायकांनी उंच इमारती, यंत्रं, 'शतकाची प्रगती' असं काय काय कापडात उतरवलं होतं. परीक्षकांनी निवडली केंटकीतून आलेली एक पारंपरिक तारकांची क्विल्ट, टाके अप्रतिम. ती जिच्या नावावर होती तिने एकही टाका घातला नव्हता, दुसऱ्या बायकांकडून मजुरीवर करून घेतली होती. हे बाहेर आलं ते फार उशिरा. बक्षीसपात्र क्विल्ट एलिनॉर रुझवेल्ट यांना भेट दिली गेली आणि पुढे तिचा पत्ताच लागला नाही.

काळजीचं दोन शब्दांत सांगते, कारण तुम्ही 'धुऊन घेऊ का' असंही विचारलंय. आत्ता नको. आधी ओल्या पांढऱ्या कापडाने लाल आणि तपकिरी तुकडे एका कोपऱ्यात दाबून पाहा, रंग उतरला तर विषय संपला. जुन्या तपकिरी छापात लोहाचा वापर असायचा, ते कापड आपोआप विरतं, म्हणून शेजारचे तुकडे धड असताना तपकिरीच फाटलेले दिसतात. धुवायचीच झाली तर टबमध्ये चादर अंथरून तिच्यावर क्विल्ट, आणि बाहेर काढताना चादरीसकट उचला. ओली क्विल्ट स्वतःच्या वजनाने टाके तोडते. पिळायची नाही, वाळत लटकवायची नाही. ठेवताना प्लास्टिक नको, सुती चादरीत गुंडाळा आणि दर काही महिन्यांनी घडी वेगळ्या जागी मोडा. आपल्याकडे पैठणीची घडी मोडतात तसंच.

भारताचा यात काही संबंध आहे का, असं शेवटी विचारलंत. आहे, आणि जुना आहे. आपण ज्याला छीट म्हणतो त्याच शब्दाचं इंग्रजीत 'चिंट्झ' झालं. कोरोमंडल किनाऱ्यावरची रंगवलेली छीट इंग्लंडमध्ये इतकी खपली की लोकर-रेशीमवाल्यांच्या ओरडीमुळे १७२१ मध्ये छापील सुती कापड वापरण्यावरच बंदी आली, ती १७७४ पर्यंत टिकली. अठराव्या शतकातल्या क्विल्टमध्ये या छिटेतली फुलं, पक्षी कातरून साध्या कापडावर शिवलेली दिसतात. महागाची फुलं कातरून पुरवून पुरवून वापरायची आणि जमीन स्वस्त कापडाची ठेवायची. इथेही पुन्हा तेच, कापड कमी म्हणून निघालेला प्रकार.

तुमच्या खोक्यातले ते सात-आठ न जुळणारे चौकोन अर्धवट राहिलेलं काम समजून जोडून टाकू नका. ती त्या आजींची वही आहे. एखादीकडे नवा नमुना दिसला की बायका घरी येऊन एकच चौकोन शिवून ठेवायच्या, आठवणीसाठी. छापील नमुन्यांत मापं बऱ्याचदा चुकलेली असायची, शिवणीची जागा धरलेलीच नसायची, तेव्हा शिवून पाहिल्याशिवाय भरवसा नव्हता. तुम्हीही कात्रणावरून थेट चांगलं कापड कापू नका, आधी जुन्या चादरीचा एक चौकोन करून बघा.

आणि एक काम करा. पुठ्ठ्याचे साचे उलटून त्यांच्या पाठीचे फोटो पाठवा. एकावर लाल अक्षरांचा तुकडा दिसतोय, बहुतेक कुठल्यातरी न्याहारीच्या खोक्याचा. खोक्यांची छपाई दर काही वर्षांनी बदलायची. कापडापेक्षा तो पुठ्ठाच आपल्याला साल जास्त नेमकं सांगेल.